दूरदर्शन थांबवून ठेवता येते

गेल्या वर्षी सुगीच्या दिवसांत खानापूर तालुक्यातील एका घरी संध्याकाळच्या वेळी आमचे जाणे झाले. घर सुखवस्तू नव्हे, परंतु नीटनेटके. ओटीवर भाताची पोती रचलेली, मागील दारी दोन म्हशी, आणि माजघराच्या भिंतीवर दूरदर्शन संच. घरचे आजोबा एके काळी चर्चच्या गायनवृंदात व्हायोलिन वाजवीत असत. आता छातीच्या विकाराने ते बहुतेक वेळ खाटेवरच असतात. आम्ही बसलो तोच साडेसात वाजले, आणि त्या घरात जी तारांबळ उडाली ती पाहून आम्हांला हसूही आले व थोडे वाईटही वाटले. आजोबांना बातम्या हव्या होत्या, धाकट्या नातवाला क्रिकेट हवे होते, सूनबाईंची मालिका नेमकी त्याच वेळी लागत होती, आणि आजी जपमाळ हाती घेऊन केव्हाच्या तिष्ठत बसल्या होत्या. सूनबाई चुलीपुढून उठून दारापर्यंत येत, उभ्या उभ्या अर्धा प्रसंग पाहत आणि तव्यावरची भाकर करपेल या भीतीने पुन्हा आत पळत.

"फादर," त्या म्हणाल्या, "देवाची वेळ तीच, मालिकेची वेळ तीच आणि भाकऱ्यांची वेळही तीच. माणसानं करावं काय?"

"मालिका तुमच्यासाठी तासभर थांबली तर?" आम्ही विचारले.

"टीव्ही थांबतो होय कधी कुणासाठी?" असे म्हणून त्या हसल्या आणि आत गेल्या.

थांबतो, वाचकहो. तो थांबविण्याची युक्ती आता इतकी स्वस्त झाली आहे की, ज्या घरी मोफत डिश बसविली आहे त्या घरी ती बहुधा अर्धीअधिक आलेलीच असते. घरच्यांना तिचा पत्ता नसतो एवढेच. त्या घरी आम्ही ती बसवून दिली. बसविताना आमच्या हातून काय काय चुका झाल्या आणि पुढे त्या यंत्राने एका प्रसंगी काय काम केले, ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम हे स्वस्त कसे झाले ते पाहू. चित्रे साठविण्याचे पहिले खरोखर उपयोगी यंत्र १९५६ साली अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने आणले, तेव्हा त्याची किंमत पंचेचाळीस-पन्नास हजार डॉलरच्या घरात होती; ते यंत्र कपाटाएवढे असे आणि केवळ प्रक्षेपण केंद्रांनाच परवडे. घरात ठेवण्याजोगे यंत्र यावयास पुढे जवळजवळ वीस वर्षे लागली. १९७५ साली सोनी कंपनीची बीटामॅक्स आणि १९७६ साली जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस ही फीत जपानात निघाली. आमच्या वयाच्या वाचकांना ही व्हीएचएस चांगली आठवत असेल. आमच्या लहानपणी गावच्या सणाला शहरातून भाड्याने 'व्हीडिओ' आणीत, अंगणात खुर्च्या मांडीत, आणि एका रात्रीत तीन तीन चित्रपट पाहून सकाळी मिस्साच्या वेळी निम्मा गाव पेंगत असे. ते यंत्र चित्रे दाखवी त्याचप्रमाणे टीपूनही घेई. परंतु फितीचा खर्च, यंत्राची निगा आणि गावातील वीज यांमुळे टीपून घेण्याचा खटाटोप फारसा कोणी करीत नसे. फितीच्या जागी चकती वापरणारी पहिली घरगुती यंत्रे, टिव्हो आणि रिप्लेटीव्ही, १९९९ साली अमेरिकेत आली.

आज मात्र गोष्ट निराळी आहे. उपग्रहावरून येणारे चित्र आपल्या घरी पोहोचते तेच मुळी अंकांच्या रूपाने, दाबून लहान केलेले असते. आपला सेट-टॉप बॉक्स त्या अंकांचा उलगडा करून चित्र दाखवितो. तेच अंक न उलगडता जसेच्या तसे एखाद्या पेन ड्राइव्हवर लिहून ठेवले की चित्र साठविले गेले! जुन्या यंत्राला चित्र नव्याने फितीवर उतरवावे लागे, त्यासाठी फिरती चक्रे व नाजूक टोके लागत. येथे केवळ आलेले पत्र न फोडता कोनाड्यात ठेवावयाचे आणि सवडीने फोडावयाचे. म्हणून बॉक्स बनविणाऱ्याला त्यासाठी निराळे यंत्र घालावे लागत नाही. एक यूएसबीची खाच आणि थोडीशी आज्ञावली पुरते.

आमच्या भागातील बहुतेक गरीब घरांत जी मोफत डिश आहे ती प्रसार भारतीची. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ती सुरू झाली आणि पुढे 'डीडी फ्री डिश' या नावाने सर्वश्रुत झाली. तिला मासिक वर्गणी नाही. डिश, बॉक्स आणि वायर मिळून एकदाच दोन हजार रुपयांच्या आगेमागे खर्च येतो. दुकानदार जर 'रेकॉर्डिंगसाठी महिन्याचे इतके' असे सांगू लागला तर खुशाल उठून यावे. या डिशवर तसे काही नसते. बॉक्स घेताना मात्र दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. तो एमपेग-४ प्रकारचे चित्र ओळखणारा असावा, कारण जुने एमपेग-२ तेवढेच जाणणाऱ्या बॉक्सला काही वाहिन्या दिसतच नाहीत. नव्याला दोन्ही दिसतात. दुसरे असे की, त्याची यूएसबीची खाच केवळ गाणी व फोटो दाखविण्यापुरती आहे की टीपून घेणारी आहे, याची दुकानातच खात्री करावी. रिमोटवर लाल ठिपक्याचे बटन असणे ही एक खूण; पण खुणेवर विसंबू नये. आपला पेन ड्राइव्ह बरोबर न्यावा, दुकानदाराला एक मिनिट टीपून दाखवावयास सांगावे आणि ते पुन्हा लावून पाहावे. 'पीव्हीआर' ही अक्षरे खोक्यावर असली तरी साठविण्याची जागा बॉक्सच्या पोटात नसते, ती आपणच आणावयाची असते, हे पुष्कळांना घरी गेल्यावर कळते.

डिशच्या दिशेविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण चित्र जेथे मधून मधून चौकोन चौकोन होऊन फुटते तेथे टीपलेलेही तसेच फुटके येते, आणि दोष मात्र बिचाऱ्या पेन ड्राइव्हवर जातो. ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून या वाहिन्या येतात तो नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानातून आकाशात गेला व विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सबब आपल्या सर्वांना तो आग्नेयेकडे दिसावयाचा. बेळगाव व गोव्याकडे खऱ्या उत्तरेपासून उजवीकडे मोजत गेल्यास सुमारे १२७-१२८ अंशांवर आणि क्षितिजापासून ६१ अंश उंच. बडोद्याला जवळजवळ बरोबर आग्नेयेस, १३६ अंशांवर व ५५ अंश उंच. इंदूरला १४१ अंशांवर व ५७ अंश उंच. हैदराबादला १३८ अंशांवर व ६३ अंश उंच. हे आम्ही स्वतः मांडून काढलेले हिशेब आहेत. अर्धा-एक अंश इकडेतिकडे होईल, पण माडाची झावळी आड येते की नाही एवढे पाहावयास पुरे. आणखी एक गंमत अशी की, ही छत्री जेवढी वर पाहते असे आपल्याला वाटते त्याहून ती पुष्कळच वर पाहत असते, कारण तिचे तोंड मुद्दाम तिरपे बनविलेले असते. त्यामुळे 'समोर तर काहीच झाड नाही' असे म्हणणाऱ्याच्या डोक्यावर फणसाची फांदी असू शकते. पावसाळ्यात खानापूरकडे धो धो सर कोसळते तेव्हा मात्र उपाय नाही. या लहरी पाण्यात विरतात, आणि सर ओसरेपर्यंत स्वस्थ बसावे लागते.

आता पेन ड्राइव्ह. साधे चित्र दर सेकंदास सुमारे तीन मेगाबिट एवढ्या ओघाने येते असे धरले तर एका तासाला सुमारे १.३५ जीबी जागा लागते. म्हणजे ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर बावीस-तेवीस तास मावतात. अर्ध्या तासाच्या मालिकेला जीबीच्या दोनतृतीयांशाइतकी जागा जाते. आठवड्याचे सहा भाग साठवून रविवारी पाहिले आणि पुसून टाकले तर ३२ जीबी कोणत्याही घराला भरपूर आहे. हार्ड डिस्क घेण्याच्या फंदात पडू नये असे आमचे मत. एक तर ती महाग. दुसरे, बॉक्सच्या खाचेतून तिला पुरेल एवढी वीज कित्येकदा मिळत नाही, आणि ती टकटक आवाज करीत मध्येच बंद पडते. तिसरे, जागा जितकी अधिक तितके न पाहिलेले साठत जाते. शंभर तास साठविणाऱ्या माणसाला ते पाहावयास शंभर तास कोठून मिळणार?

पेन ड्राइव्ह प्रथम खोचला की बॉक्स बहुधा तो 'फॉरमॅट' करू का असे विचारतो. होय म्हटले की आतील सर्व काही जाते. एका घरी मुलाने होय म्हटले आणि त्याच पेन ड्राइव्हवर असलेले थोरल्या बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले. तेव्हा या कामासाठी कोरा, निराळा पेन ड्राइव्ह ठेवावा व त्यावर तांबडा दोरा बांधावा. आपल्या बॉक्सला फॅट-३२ या मांडणीचाच पेन ड्राइव्ह चालत असेल तर त्या मांडणीत कोणतीही एक फाईल चार जीबीहून मोठी होऊ शकत नाही. आमच्या हिशेबाने सुमारे तीन तासांचे चित्रण झाले की ती भरते. चांगले बॉक्स आपणहून दुसरी फाईल सुरू करतात. काही मात्र तेथेच थांबतात, आणि मग सामन्याची शेवटची षटके कोणी जिंकली ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचावे लागते.

आमची स्वतःची फसगत आता सांगून टाकतो. बाजारात एका टपरीवर ५१२ जीबीचा पेन ड्राइव्ह तीनशे पन्नास रुपयांना मिळाला म्हणून आम्ही मोठ्या आनंदाने तो आणला. पहिले पाच-सहा तास झकास टीपले गेले. पुढे तीन रविवारी क्रमाने दाखविलेला एक माहितीपट आम्ही त्यावर घेतला. यादीत तिन्ही भागांची नावे दिसत, वेळही दिसे, परंतु लावले की पडदा काळा. धर्मग्रामातील पॉलिटेक्निकात शिकणाऱ्या एका मुलाने तो संगणकाला लावून 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' नावाच्या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीने तपासला. ती आज्ञावली सर्व जागा भरून पुन्हा वाचून पाहते. खरी जागा निघाली आठ जीबी! आतील चिप संगणकाला खोटेच सांगत होती की माझ्यापाशी पाचशे बारा आहेत, आणि आठाच्या पुढे जे लिहाल ते कोठेच जात नव्हते. देवघेवीत फसलेल्या कितीतरी लोकांना आम्ही आजवर शहाणपण शिकविले आहे. त्या दिवशी त्या मुलाने आम्हांला शिकविले. तेव्हा माहितीतल्या दुकानातून पावतीसह घ्यावे, लहान घ्यावे, आणि किंमत फारच कमी दिसली की हात मागे घ्यावा.

दुसरी चूक घड्याळाची. आम्ही रात्री आठची वेळ नेमून निश्चिंत निजलो. सकाळी पाहतो तो आमच्या कार्यक्रमाऐवजी पोट सपाट करणाऱ्या एका पट्ट्याची अर्ध्या तासाची जाहिरात! कारण असे की, बॉक्सला वेळ उपग्रहाकडूनच येते, पण ती ग्रिनिचची येते. आपल्याकडे आठ वाजतात तेव्हा तेथे अडीच वाजलेले असतात; आणि बॉक्सच्या घड्याळात आठ वाजले तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड झाला होता. मेनूमध्ये वेळेच्या सदरात 'अधिक साडेपाच तास' असे एकदा भरून ठेवले की हा घोटाळा मिटतो. भिंतीवरच्या घड्याळाशी बॉक्सचे घड्याळ ताडून पाहिल्यावाचून कोणतीही वेळ नेमू नये.

वेळ नेमताना सुरुवातीला दहा मिनिटे आधी व शेवटी दहा मिनिटे नंतर असे सढळ हाताने धरावे, कारण कार्यक्रम दिल्या वेळेवर सुरू होतीलच असे नाही. नेमणुकीच्या खिडकीत 'पाहणे' आणि 'टीपणे' असे दोन पर्याय असतात. पहिला निवडला गेला तर बॉक्स नेमक्या वेळी वाहिनी लावील आणि काहीही टीपणार नाही. 'दररोज' किंवा 'दर आठवड्याला' असेही सांगता येते. सूनबाईंच्या मालिकेसाठी आम्ही सोमवार ते शनिवार तेच केले. आणि रात्री निजताना भिंतीवरचे बटन बंद करावयाचे नाही! आमच्या आजीबाईंची ही जन्माची सवय सोडविण्यात आमचे दोन आठवडे गेले. बॉक्स रिमोटने निजवावा, म्हणजे तो एक डोळा उघडा ठेवून निजतो; बटनाने मारला तर तो वेळेवर उठणार कसा? वीज जाऊन आली तर काही बॉक्स आपले घड्याळच विसरतात व एखादी वाहिनी लावल्यावर मग त्यांना आठवण येते. म्हणून रात्री वीज गेली असल्यास सकाळी एकदा टीव्ही लावून वेळ पाहावी.

एका वेळी दोन वाहिन्या टीपता येतील काय, असे पुष्कळ विचारतात. उपग्रहावरून वाहिन्या एकेकट्या येत नाहीत. मोळीत लाकडे बांधावी तशा पाच-पंचवीस एकत्र बांधून येतात, आणि साध्या बॉक्सच्या हाती एका वेळी एकच मोळी असते. तेव्हा मालिका टीपली जात असताना क्रिकेट दुसऱ्या मोळीत असेल तर ते दिसावयाचे नाही. त्या घरातील नातवाची या एका मुद्द्यावर अद्याप तक्रार आहे. चालू कार्यक्रम मध्येच थांबवून पुढे पाहण्याचीही सोय असते. ती फार मोहक आहे खरी, पण त्यासाठी बॉक्स सतत लिहीत व पुसत राहतो आणि स्वस्त पेन ड्राइव्ह लवकर झिजतो. कोणी दारात आले असता थांबवावे. नेहमीची सवय करू नये.

असे टीपून घेणे कायद्याला मान्य आहे काय? आमच्या एका सुशिक्षित वाचकाने ही शंका विचारली आणि ती योग्यच आहे. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३७ व्या कलमाने प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला आपल्या प्रक्षेपणावर हक्क दिला आहे. परंतु ३९ व्या कलमाने स्वतःच्या खासगी उपयोगासाठी कोणी टीपून घेतल्यास त्या हक्काचा भंग होत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. घरात पाहा; तिकीट लावून दाखवू नका, प्रती काढून वाटू वा विकू नका, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत याच प्रश्नावर १९७६ पासून मोठा खटला चालला. चित्रपट कंपन्यांचे म्हणणे, हे यंत्रच बेकायदा ठरवा. १९८४ च्या जानेवारीत तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी सोनी कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. त्या खटल्यात यंत्राच्या बाजूने ज्यांनी साक्ष दिली त्यांत फ्रेड रॉजर्स हे एक होते. ते प्रेसबिटेरियन पंथाचे धर्मगुरू, आणि लहान मुलांसाठी दूरदर्शनवर अनेक वर्षे कार्यक्रम करणारे. स्वतःचाच कार्यक्रम लोकांनी टीपून घेतला तर त्यांची हरकत नव्हती. उलट कुटुंबाला आपल्या सोयीच्या वेळी एकत्र बसून तो पाहता येतो हे त्यांना चांगले वाटे. न्यायालयाने आपल्या निकालपत्रात त्यांच्या साक्षीचा उल्लेख केला आहे.

आमच्याकडे म्हणाल तर दूरदर्शनचे आश्रयदातेपण पोप बारावे पायस यांनी असिसीच्या संत क्लारा यांच्याकडे सोपविले आहे. नाताळच्या रात्री आजारपणामुळे त्यांना खाटेवरून उठवेना, तेव्हा दूरच्या मंदिरातील उपासना त्यांना आपल्या खोलीत दिसली व ऐकू आली अशी कथा आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसापर्यंत दूरचे दृश्य पोहोचणे, हीच त्यातली गोष्ट.

कोणी म्हणेल, फादर, आता मोबाइलवर सर्व काही मिळते, हा उपद्व्याप कशाला? शहरात खरे आहे. पण ज्या वाडीत एका बोळातच तेवढे नेटवर्क येते तेथे अर्ध्या तासाचे चित्र तासभर घुटमळते; आणि प्रादेशिक वाहिन्यांवरचे सगळेच कार्यक्रम काही तेथे कोणी चढवून ठेवीत नाही. शिवाय मोबाइल एकटा पाहतो, टीव्ही घर पाहते.

ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास घेतला तो आता सांगतो. त्या घरातील थोरली नात बेळगावला वसतिगृहात राहून शिकते. आजोबांनीच तिच्या हाती लहानपणी व्हायोलिन दिले होते. तिच्या शाळेच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम एका प्रादेशिक वाहिनीने ध्वनिचित्रित केला व तो एका गुरुवारी दुपारी साडेचारला लागणार असे कळले. त्याच आठवड्यात आजोबांचा श्वास वाढला आणि त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. त्यांच्याबरोबर आजी गेल्या. मुलगा एसटीच्या फेरीवर, आणि सूनबाई साडेचारला धारा काढून दूध संघाच्या गाडीकडे. घरात कोणीही नाही. निघताना आजोबा एवढेच म्हणाले, "ते यंत्र लावा म्हणजे झालं."

आम्ही बुधवारी जाऊन सर्व तपासले. घड्याळ बरोबर, पेन ड्राइव्ह खरा व रिकामा, वेळ चार वीस ते पाच दहा, पर्याय 'टीपणे'. वीज जाण्याची भीती म्हणून घरात नुकताच इन्व्हर्टर बसविला होता, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. गुरुवारी पावणेपाचला वीज गेली. इन्व्हर्टर चालू झाला, घड्याळ चालले, पंखा फिरला. परंतु ज्या बटनावर बॉक्स होता ते इन्व्हर्टरच्या वायरिंगवर नव्हतेच. टीव्ही होता, बॉक्स नव्हता! आम्ही बुधवारी सगळे पाहिले आणि हे एक पाहिले नाही.

संध्याकाळी सूनबाईंनी लावून पाहिले तो यादीत नाव दिसे, वेळेच्या जागी शून्य, आणि उघडू गेले की 'फाईल खराब आहे' असा संदेश. त्यांनी आम्हांला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "मामंजींना काय सांगू, फादर?" आम्हांला काही सुचेना. पेन ड्राइव्हला कोणी हात लावू नये, त्यावर दुसरे काही टीपू नये, एवढेच आम्ही सांगितले; आणि ते सांगितले हे फार बरे झाले.

रविवारी मिस्सानंतर तो पॉलिटेक्निकचा मुलगा आपला लॅपटॉप घेऊन आला. त्याने समजाविले ते असे. बॉक्स जे लिहितो ते १८८ बाइटांच्या लहान लहान पुड्यांत लिहितो, व प्रत्येक पुडीच्या तोंडाशी एक ठरावीक खूण असते. पुस्तकाची शेवटची पाने फाटली तरी आधीची वाचता येतात तसे हे आहे. बॉक्सला अनुक्रमणिका सापडत नाही म्हणून तो हात वर करतो; अनुक्रमणिकेवाचून वाचणारा दुसरा कोणी असला तर तो वाचील. मग त्याने व्हीएलसी नावाचा प्रोग्राम उघडला. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये त्याचे काम आरंभिले होते, आणि तो कोणालाही फुकट मिळतो. फाईल त्यात टाकली, काही क्षण पडदा करडा झाला, आणि मग जाहिराती दिसू लागल्या. जाहिराती पाहून एवढा आनंद आम्हांला पूर्वी कधी झाला नव्हता. वीज जाण्यापूर्वीची चार मिनिटे गेली होती. एकवीस मिनिटे शाबूत होती. त्यांतील पहिली दहा आधीच्या कार्यक्रमाची शेपूट व जाहिराती, आणि उरलेली अकरा वाद्यवृंदाची.

आजोबा आठव्या दिवशी घरी आले. लॅपटॉप वायरने टीव्हीला जोडून ठेवला होता. खाट माजघरात आणली. नात डावीकडून तिसरी, दोनदा जवळून दिसते, एकदा जेमतेम पाच-सहा सेकंद. आजोबांनी सर्व अकरा मिनिटे एक शब्द न बोलता पाहिली. आम्ही मनातल्या मनात अपराधी होतो. पुढचा भाग नाही हे कसे सांगावे याची जुळवाजुळव करीत होतो.

"पुन्हा लाव," ते सूनबाईंना म्हणाले. दुसऱ्यांदा पाहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "फादर, दुसरी तार उतरलीय. कुणी वाद्य लावून दिलं नाही काय पोरीला?" आमच्या कानाला तसे काही जाणवले नव्हते. तिसऱ्या वेळी ती जवळून दिसली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांबव. हितं थांबव."

सूनबाईंनी थांबविले. पडद्यावर नात गज धरून स्तब्ध उभी होती. आजोबा खाटेवर थोडे पुढे सरकले, आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले.

"मनगट बघ कसं धरलंय," ते म्हणाले. "शनिवारी आली की माळ्यावरची पेटी खाली काढा."

साडेसात केव्हाच वाजून गेले होते. भाकऱ्यांची आठवण त्या घरात कोणालाच नव्हती.